मानवी हक्क, स्त्रीशिक्षण, शांततेचं काम: कोर्स राहू द्या, रोजचं काम काय असतं ते सांगा

शेवंती_०७ (धागाकर्ती):

दर जूनमध्ये इथे हा प्रश्न येतो. 'मुलीला मानवी हक्कांच्या, स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात जायचंय, काय करावं?' आणि दर वेळी तीच दोन उत्तरं: 'टाटा इन्स्टिट्यूटला (मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था) प्रवेश घ्या' आणि 'आवड असेल तर नक्की करा, पण पैसा नाही'. म्हणून हा वेगळा धागा. कॉलेजांची यादी नको, प्रेरणा नको, आत्मचरित्रं तर नकोतच. पगार देणारी पदं कुठली, त्या खुर्चीवरचं माणूस मंगळवारी दुपारी काय करत असतं आणि काम कुठे फसतं, एवढंच लिहा.

सातबारा:

महाराष्ट्रापुरतं लिहितो. नव्या माणसाला पहिली नोकरी मिळते ती दिल्ली-मुंबईत नाही, जिल्ह्याच्या गावी. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो. तिथे संरक्षण अधिकारी दोन (संस्थेतल्या मुलांसाठी एक, संस्थेबाहेरच्या मुलांसाठी एक), कायदा व परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता आणि क्षेत्रीय कार्यकर्ता अशी पदं असतात. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याला महिना २७,८०४, सामाजिक कार्यकर्त्याला १८,५३६ आणि क्षेत्रीय कार्यकर्त्याला १०,५९२ रुपये मानधन. मानधन म्हणतात, पगार नाही, कारण सगळं कंत्राटी. पैसा केंद्र ६०, राज्य ४० असा येतो आणि एकाचा हप्ता अडला की दुसऱ्याचाही अडतो. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय या नोकरीत शिरू नये, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरी जागा म्हणजे सखी वन स्टॉप सेंटर, हिंसेला सामोऱ्या गेलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदतकेंद्र. ते चोवीस तास चालतं, म्हणजे पाळ्या आल्या. केस वर्करचं काम म्हणजे आलेल्या बाईला दवाखाना, पोलीस, वकील, निवारा यांच्याशी जोडून देणं. निवारा तिथेच, पण पाच दिवसांपर्यंत. सहाव्या दिवशी ती कुठे जाणार याची सोय पहिल्या दिवशीच बघायला लागावं लागतं. नवखी केस वर्कर नेमकी इथे अडकते.

तिसरी, महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष. १९८४ साली टाटा इन्स्टिट्यूटने मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला हा प्रयोग. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसते पोलिसांच्या आवारात, पण ती पोलीस नसते. या दोन्हींच्या मधली जागा सांभाळणं हेच तिचं कसब.

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) लागतं का? शेवंतीताईंना कोर्स नकोत, पण जाहिरातीत पात्रता म्हणून ते छापलेलं असतं, त्यामुळे लागतं. कायद्याच्या पदाला एलएलबी. नुसती 'मानवी हक्क पदविका' कुठल्याच जाहिरातीत भाव खात नाही.

निळी_बस:

स्वयंसेवी संस्थांबद्दल एक भर. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० ला झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणारी संस्था तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. तालुक्यातल्या छोट्या संस्था मोठ्या संस्थेमार्फत येणाऱ्या पैशावर चालायच्या, तिथल्या जागा आटल्या. आता बराच पैसा कंपन्यांच्या सामाजिक निधीतला, म्हणजे वर्षा-वर्षाच्या बोलीवर. मुलाखतीत तीन गोष्टी न लाजता विचाराव्यात: प्रकल्प किती महिन्यांचा, पैसा कुणाचा, आणि माझा पगार प्रकल्पातून की संस्थेच्या स्वतःच्या निधीतून.

आंबेमोहोर:

मंगळवारी दुपारचं विचारलंय ना? मग एकच काम मुळापासून सांगते, बालविवाह थांबवणं. हक्क, मुलींचं शिक्षण आणि गावातला समेट, तिन्ही त्यात आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. त्यामुळे हे काम संपत नाही.

१०९८ वर, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर, फोन येतो. फोन करणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, त्याने सांगितलं तरी टिपणात लिहायचं नाही. विचारायचं ते हे: मुलीचं नाव, गाव आणि वस्ती (नुसतं गाव पुरत नाही, एका गावाच्या सात वाड्या असतात), कितवीत आहे किंवा शाळा कधी सोडली, लग्न कधी, किती वाजता, कुठे. हळद कधी, हेही विचारायचं. लग्नाची तारीख लपवतात, हळदीची लपवायचं कुणाला सुचत नाही.

मग लगेच शाळेत फोन. मुख्याध्यापकांकडून जनरल रजिस्टरचा उतारा, म्हणजे निर्गम उतारा, सही-शिक्क्यासह मागायचा. हा कागद हातात नसताना मांडवात गेलं की निम्मी लढाई हरलीच. तिथे कुणीतरी आधार कार्ड पुढे करतं आणि पोलीसही त्याच्याकडेच बघू लागतात.

गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. गाव बाल संरक्षण समितीत सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य-सचिव. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात सरपंचाला त्याच लग्नाची पत्रिका आलेली असते आणि सेविकेला त्याच गल्लीत राहायचं असतं. म्हणून सेविकेला कधीही पुढे करायचं नाही. माहिती तिच्याकडून घ्यावी, मांडवात जावं ग्रामसेवक, पोलीस आणि कक्षाच्या माणसाने. जाण्याआधी पोलीस ठाण्यात स्टेशन डायरीला नोंद करून तिचा क्रमांक आपल्या वहीत घ्यायचा. उद्या 'आम्हाला कुणी कळवलंच नाही' असं कुणी म्हणालं तर तो क्रमांक कामाला येतो.

नवशिका:

आंबेमोहोर, आधारवर जन्मतारीख अठराच्या वरची असेल आणि शाळेत सोळा दिसत असेल तर कुठलं धरायचं?

आंबेमोहोर:

शाळेतलं. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ९४. क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. त्या चाचणीचा आदेश बाल कल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळ देतं आणि ती १५ दिवसांत पुरी करायची असते. आधार ओळखीचा पुरावा आहे, वयाचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये म्हटलं आहे. कलमाची छापील प्रत पिशवीत ठेवावी. मांडवात मोबाईलवर वाचून दाखवलेला कायदा कुणी ऐकत नाही, कागद मात्र हातोहात फिरतो.

आणि एक. मुलगी शाळेत कधी गेलीच नसेल आणि जन्माची नोंदही नसेल, तर 'वय कळत नाही' म्हणून परत फिरायचं नाही. बालविवाहाचा धोका असलेलं मूल हे कायद्याने 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक'. तिला बाल कल्याण समितीसमोर न्यायचं, चोवीस तासांच्या आत. वय समिती ठरवेल.

रातराणी:

लग्न थांबलं की सगळे फोटो काढून मोकळे होतात. खरं काम तिथून सुरू होतं, आणि बहुतेक वेळा ते सुरूच होत नाही.

आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतात: 'मुलीला अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही.' या कागदाला स्वतःचा दात नाही. पंधरा दिवसांनी मावशीच्या गावी, दुसऱ्या जिल्ह्यात, पहाटे देवळात चार माणसांत लग्न उरकतं. म्हणून शंका असेल तिथे हमीपत्रावर थांबू नका, बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ च्या कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घ्या. फरक मोठा आहे. एरवी बालविवाह आपोआप रद्द होत नाही, तो 'रद्द करता येण्याजोगा' असतो. मनाई हुकूम मोडून लावलेलं लग्न मात्र कलम १४ प्रमाणे मुळातच शून्य. अर्जासोबत काय जोडायचं: निर्गम उतारा, मिळाल्यास पत्रिका किंवा मांडववाल्याची पावती, पंचनामा आणि ग्रामसेवकाचा अहवाल. पत्रिकेवर दोन गावं, दोन तारखा असतील तर दोन्ही अर्जात लिहा.

लग्न होऊन गेलेलं कळलं तरी दार बंद होत नाही. मुलीला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत लग्न रद्द करून मागता येतं (सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं), आणि ती अज्ञान असेल तर पालक किंवा वादमित्र (तिच्या वतीने न्यायालयात जाणारं माणूस) प्रतिबंधक अधिकाऱ्याला सोबत घेऊन अर्ज करू शकतो. रद्द झाल्यावरही तिला पुन्हा लग्न होईपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो आणि मूल असेल तर ते औरसच धरलं जातं. हे मुलींना कुणी सांगतच नाही. एकोणीस वर्षं आणि दहा महिन्यांची मुलगी समोर बसलेली असताना 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणणारा कार्यकर्ता तिचा हक्क बुडवतो.

सातबारा:

रातराणी, मनाई हुकुमाचं बरोबर, पण तालुक्याच्या न्यायालयात तेवढा वेळ असतो का? फोन सकाळी येतो, लग्न दुपारी बारा पस्तीसचं.

रातराणी:

तातडीचा अंतरिम हुकूम समोरच्याला नोटीस न देता देता येतो, तशी तरतूद कलम १३ मध्येच आहे. पण तुमचा मुद्दा खरा आहे, त्याच दिवशी मिळेलच असं नाही. त्या दिवशी पोलीस आणि समिती, दुसऱ्या दिवशी न्यायालय. चूक होते ती दुसरा दिवस विसरण्यात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, त्यामुळे पोलिसांना 'न्यायालयाचा आदेश आणा' म्हणता येत नाही.

आणि गुन्हा नोंदवण्याची घाई झालेलीही बरी नाही. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिबंधावर आणि संरक्षणावर भर दिला, शिक्षा हा शेवटचा उपाय मानला. बाप तुरुंगात गेला की घरी मुलीला जे ऐकावं लागतं, त्यावर कुठलं कलम लागत नाही.

उसाचं_वाढं:

बीड, जालना, अहिल्यानगरचा ऊसतोड मजुरांचा पट्टा वेगळा आहे, तिथे दिनदर्शिका पाहिल्याशिवाय काम करू नये. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्याच्या हिशोबाने, एकट्या पोराला अर्धाच कोयता धरतात. म्हणजे पोराचं लग्न लागलं की घरात उचल वाढते. हा हिशोब समजल्याशिवाय तिथे 'मुलगी शिकली, प्रगती झाली' सांगत फिरणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुलगी सोबत गेली तर ती फडावर धाकट्या भावंडांना सांभाळते आणि सलग महिनाभर गैरहजर राहिली की शाळाबाह्य ठरते. उपाय दोन आहेत. एक, हंगामी वसतिगृह: मुलं गावातच आजी-आजोबांकडे राहतात, जेवणाची सोय शाळेतून. पण याद्या गाडी भरायच्या आधी तयार हव्यात. ट्रॅक्टर निघाल्यावर केलेल्या सर्वेक्षणात फक्त कुलुपं मोजली जातात. दुसरा, शिक्षण हमी कार्ड: मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत ते दाखवून वर्गात बसवता येतं. तिथले मुख्याध्यापक 'दाखला आणा' म्हणाले तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवा, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही.

आठवीनंतर मात्र हा कायदा हात वर करतो, कारण तो ६ ते १४ वयापुरता. जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते, हायस्कूल पाच-सात किलोमीटरवर. मुलींची गळती नेमकी या रस्त्यावर होते. म्हणून नववीच्या मुलीसाठी पहिला प्रश्न 'शिकायचंय का' हा नाही, 'पाच वाजता शाळा सुटल्यावर गाडी किती वाजता' हा आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी आहेत, अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पासही आहे. तरी शाळा सुटण्याची वेळ आणि गाडीची वेळ यात दीड तासाचं अंतर पडलं की आई म्हणते, राहू दे. आगार व्यवस्थापकाला शाळेचं वेळापत्रक जोडून अर्ज करणं हे या क्षेत्रातलं फार मोलाचं आणि अत्यंत कंटाळवाणं काम आहे.

निळी_बस:

माझ्या आयडीचं सार्थक झालं :)

शाळा पूर्ण सुटलेल्या मुलींबद्दल: १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावी देता येते. लागतं ते शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र (मूळ हरवलं असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र), आधार, फोटो. फॉर्मच्या तारखा परीक्षेच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच येऊन जातात, आणि बहुतेक मुली आठवण काढतात जानेवारीत. लहान मूल पदरात असलेल्या मुलीला राष्ट्रीय मुक्त विद्यालय सोयीचं: वय १४ पूर्ण हवं, एकदा नोंदणी केली की पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येतं. गणित-इंग्रजीची धास्ती असलेल्यांना हे लवकर पटतं.

भिवंडीकर:

शांततेच्या कामाबद्दल कुणी लिहिलं नाही. लोकांना वाटतं ते जिनिव्हात होतं. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला मोठ्या दंगली झाल्या. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या (पोलीस आणि वस्तीतल्या दोन्ही समाजांच्या लोकांच्या) बांधल्या आणि १९९२-९३ मध्ये शेजारी मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी आणि शांतता कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली.

समिती चालते कशाने? दंगलीच्या गप्पांनी नाही. बैठकीत नळ, गटार, रॉकेलचं दुकान, भोंग्याची वेळ असे विषय ठेवावे लागतात. दोन्हीकडचे लोक गटारासाठी पाच वेळा एकत्र बसले की सहाव्या वेळी अफवा आल्यावर एकमेकांना फोन करतात. फसते कुठे? सदस्य म्हणून पक्षांचे पुढारी घेतले तर. ते आले की बैठक ही सभा होते. आणि सणाच्या आदल्या आठवड्यातच बैठक बोलावली तर. यंत्रमाग कामगार, रिक्षावाला, शिक्षिका, मशिदीचा आणि मंडळाचा एकेक माणूस, आणि बायका निम्म्या. बायकांसाठी बैठक दुपारी अडीच ते चार, नळाची वेळ टाळून.

यात पगारी पद क्वचित. संस्थेचा समन्वयक म्हणून किंवा समाजकार्याच्या दुसऱ्या पदासोबत हे काम होतं.

लांबचा_पल्ला:

परदेशाचं मी लिहितो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. क्रम उलटा धरू नका, आधी तालुका, मग शिष्यवृत्ती. चीव्हनिंगला (ब्रिटन सरकारची शिष्यवृत्ती) २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षं. रोटरीच्या शांतता फेलोशिपला पदव्युत्तर पदवीसाठी तीन आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमासाठी पाच वर्षांचा अनुभव. त्यांच्या केंद्रासाठी आता पुण्याच्या सिम्बायोसिसचीही निवड झाली आहे. अर्जात सगळेच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २००० सालचा १३२५ क्रमांकाचा ठराव उद्धृत करतात. महिलांना शांतताप्रक्रियेत स्थान देणारा ठराव म्हणून तो महत्त्वाचा आहेच, पण 'दुपारी अडीचची बैठक नळाच्या वेळेमुळे' हे वाक्य त्याहून जास्त लक्षात राहतं.

भारतात राहून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची इंटर्नशिप आहे. त्याआधी आयोगाला तक्रार नीट लिहायला शिका: घटनेला एक वर्ष उलटलं की तक्रार घेत नाहीत, तोच विषय राज्य आयोगासमोर असेल तरी घेत नाहीत, शुल्क नाही, मराठीत चालते. तारीख, ठिकाण, कुठल्या सरकारी सेवकाने काय केलं किंवा केलं नाही, आणि मागणी काय. या चार गोष्टींशिवाय भावनेने ओथंबलेली सहा पानं गेली तर ती फेटाळलीच जातात.

नवशिका:

टिपण लिहिण्याबद्दल कुणी सांगेल का? मुलाखतीत 'नमुना केस नोट लिहा' म्हणतात.

आंबेमोहोर:

चुकीचं: 'मुलगी खूप घाबरलेली होती, आईवडील सहकार्य करत नव्हते.'

बरोबर: 'दु. ३.४०. मुलगी दाराआड उभी. वडील बोलत असताना खाली पाहत होती. आई पाणी आणायला गेल्यावर "मला दहावीची परीक्षा द्यायचीये" असं दोनदा म्हणाली. वडिलांनी शाळेचा दाखला दाखवण्यास नकार दिला, कारण दिलं नाही. ४.०५ ला निघालो. सोबत: ग्रामसेवक, महिला पोलीस शिपाई.'

पहिल्यात तुमचं मत आहे. दुसरं समितीसमोर वाचता येतं. मुलीचे शब्द तिच्याच बोलीत, अवतरणात ठेवा, शुद्ध करू नका. मुलीशी बोलताना आईबाप समोर नकोत, आणि 'तुला लग्न करायचंय का' असं हो-नाहीत उत्तर येणारं विचारू नका. 'उद्या सकाळी काय काय ठरलंय?' असं विचारा. नाव, फोटो, शाळा बाहेर जाऊ देऊ नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि 'बालविवाह रोखला' म्हणून व्हॉट्सॲपवर तिचा चेहरा टाकणारे सत्कारमूर्तीही त्यातून सुटत नाहीत.

शेवंती_०७:

भरपूर झालं, आभार. शेवटचं: पहिल्या दिवशी पिशवीत काय असावं?

उसाचं_वाढं:

शंभर पानी वही, पानांना आधीच आकडे घातलेली. दोन पेनं, एक मांडवात कुणीतरी सहीसाठी घेतं आणि परत देत नाही. कलम ९४ आणि कलम १३ च्या चार-चार प्रती. स्टॅम्प पॅड, अंगठ्यांसाठी. पाण्याची बाटली. एसटीचं वेळापत्रक, कारण परतीची जीप मिळेलच असं नाही.

रातराणी:

आणि बिस्किटाचा पुडा. मुलीला समितीकडे नेताना ती सकाळपासून उपाशी असते, हळदीचा उपास.